तांब्याच्या चकतीवरचं वर्तुळ

१

कापसाच्या जिनातला बॉयलर फाटला तेव्हा पुसदच्या बाजारातल्या लोकांना वाटलं, नदीपलीकडे सुरुंग लागला. मग पांढरा ढग वर चढताना दिसला आणि माणसं तिकडे धावली. बॉयलरची एक शिवण उघडली होती. भट्टीत कोळसा टाकत असलेला फायरमन पूनमसिंग त्या वाफेत सापडला. संध्याकाळी दवाखान्यात त्याचा जीव गेला.

सन एकोणीसशे एकोणसाठचा जानेवारी. कापसाचा हंगाम भरात होता, गाठी बांधण्याचा प्रेस दिवसभर चालू असायचा. म्हातारा बॉयलर थकला होता, एवढंच लोक म्हणाले. पण तपासणीला आलेल्या बॉयलर इन्स्पेक्टरांनी सेफ्टी व्हॉल्व्ह उतरवायला लावला आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. दाब हद्दीबाहेर गेला की आपोआप उघडून वाफ सोडून देणारा तो व्हॉल्व्ह ठणठणीत होता. त्याच्या खाली, पाइपाच्या जोडात, कुणीतरी तांब्याच्या पत्र्याची गोल चकती बसवून ठेवली होती. वाफ व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नव्हती.

चकती बॉयलरमध्ये आपोआप उगवत नाही. ती कुणीतरी आखली, कापली, कानस मारून बसवली. जिनात असं काम येणारा एकच फिटर होता, फुलसावंगीचा रहमत. त्यात बॉयलरखोलीत त्याचा परकार सापडला. पत्र्यावर गोल आखायचं ते हत्यार, ज्याला कारखान्यातले लोक डिव्हायडर म्हणतात. त्याच्या पायावर रहमतच्या बापाचं, हाफिज मिस्त्रीचं नाव ठोकलेलं होतं.

फौजदारांनी रहमतला त्याच दुपारी उचललं.

२

यज्ञेश्वरराव सकाळी अंगणात एका जुन्या रंध्याचं पातं पुसत बसले होते. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात आयुष्य काढून ते पेन्शनवर पुसदला आले होते. जुनी हत्यारं जमवायचा त्यांना नाद होता. कुणाकडे आजोबाचा रंधा निघाला, कुठे मोडक्या वर्कशॉपात इंग्लंडची कानस मिळाली, की लोक त्यांच्याकडे घेऊन येत. हे कुठलं, किती जुनं, कशाला वापरत, ते बघून सांगत.

फाटकातून एक बाई आत आली आणि काही न बोलता पायरीवर बसली. रहमतची आई, जोहराबी. यज्ञेश्वररावांनी तिला ओळखलं. रहमत बापाचा परकार दाखवायला आला होता तेव्हा तीही बरोबर होती.

"साहेब, परवा त्याले यवतमाळले नेऊन राह्यले," ती म्हणाली. "तिथं गेला की माहा पोरगा परत येत नाई. फौजदार म्हनते, परकार सापडला, आता काय राह्यलं. तुमीच तर पाह्यला होता तो परकार. तुमी त्याले एवढं चांगलं म्हनलं होतं."

"परकार चांगला आहे, जोहराबी. पण तो तिथं सापडला ना."

"सापडला तर सापडला! माह्या पोरानं मानूस नाई मारला." तिचा आवाज चिरकला. "जिनाचे मॅनेजर तुमचे जावई हायेत. तुमी बोलले तर ते आयकतील. मी सकाळी त्याहिच्या दारावर गेली होती, आत नाई येऊ देलं. येताना पूनमसिंगची मानीबाई भेटली रस्त्यात. ती माह्या अंगावर थुंकली, साहेब. तिचं बराबर हाय. तिचा मानूस गेला. पन मी काय करू? कोनाच्या दारात जाऊ?"

यज्ञेश्वररावांनी पातं खाली ठेवलं. जावयाला सांगून काही होणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. खटला पोलिसांचा होता. पण आपल्यालाच एकदा चकती बघू द्या म्हणायला काय हरकत होती? फौजदार ओळखीचे होते.

"तुम्ही घरी जा," ते म्हणाले. "मी कचेरीत जाऊन येतो."

"मी घरी नाई जात," जोहराबी म्हणाली. "मी कचेरीसमोर बसते."

३

फौजदारांनी कपाटातून दोन पुड्या काढून टेबलावर सोडल्या. एकीत परकार, दुसरीत चकती.

परकार हातात घेतला तशी यज्ञेश्वररावांना जुनी ओळख पटली. विलायती, घडीव लोखंडाचा, मागच्या शतकातला. दोन्ही पायांमध्ये कमान, कमानीवर स्क्रू. हवं तेवढं अंतर घ्यायचं, स्क्रू आवळायचा, की पाय हलायची सोय नाही. टोकं जाड, पुन्हा पुन्हा धार लावून आखूड झालेली. दोन्ही शाबूत.

"हा कुठे होता?"

"बॉयलरच्या पायाशी. दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. आम्ही होतो, तुमचे जावई नंदकिशोरराव होते, इंजिनड्रायव्हर देवीलाल होता, बाजारामागचा वर्कशॉपवाला अब्दुल गनी मिस्त्रीही आला होता."

"खोलीतली बाकीची हत्यारं कशी होती?"

"कशी म्हणजे? लालभडक. वाफेनं रात्रीत सगळ्यावर गंज चढला होता."

यज्ञेश्वररावांनी परकाराच्या बिजागरीवरून बोट फिरवलं. बोटाला स्वच्छ तेल लागलं.

"मग याच्यावर काहून नाही चढला?"

फौजदार थांबले. त्यांनी परकार हातात घेतला, उलटसुलट केला आणि सावकाश खाली ठेवला.

"म्हणजे स्फोटानंतर आणून टाकला म्हणता?"

"मी एवढंच म्हणतो की स्फोट झाला तेव्हा हा तिथं नव्हता." यज्ञेश्वररावांनी भिंग काढून चकतीवर धरलं.

चकतीच्या काठावर आखणीची रेघ अजून दिसत होती. केसासारखी बारीक. आणि एका ठिकाणी रेघ जुळलीच नव्हती. जिथून सुरू झाली तिथे परत येताना ती थोडी बाहेर पडली होती. आखताना हत्याराचे पाय दाबाने फाकले होते.

"रहमतचा परकार असा फाकत नाही. एखादा पत्रा द्या." फौजदारांनी शिपायाकडून डब्याचा पत्रा मागवला. यज्ञेश्वररावांनी आधी खिळ्याने मधोमध खड्डा पाडला, परकाराचा एक पाय त्यात रोवला, स्क्रू आवळला आणि दुसरा पाय फिरवला. रेघ जाड उमटली आणि सुरुवातीला येऊन अचूक मिळाली. "मिस्त्री माणूस आधी टोकदार पंच ठोकून असा खड्डा पाडतो, नाहीतर पाय घसरतो. या चकतीला पंचाचा खड्डाच नाही. नुसतं टाचणीएवढं भोक आहे." ते पुन्हा वाकले. "आणि भोकात काहीतरी आहे."

"काय?"

"तांबडा ठिपका. गंज. तांब्याला असा गंज चढत नाही, ते हिरवं पडतं. गंजतं ते पोलाद. आखणाऱ्याच्या हत्याराचं टोक आत मोडून राहिलंय, फौजदारसाहेब. ज्या परकाराचं टोक मोडलेलं असेल त्याने ही चकती आखली."

फौजदारांनी सुस्कारा टाकला. "साहेब, मी मानलं. पण परवा मला आरोपी यवतमाळला पाठवायचा आहे. रहमतचा नाही म्हणता, मग कोणाचा? ते आणून दाखवा. नाहीतर वरचे लोक माझं ऐकणार नाहीत."

जाताना त्यांनी रहमतला भेटू दिलं. पोराचा चेहरा सुजला होता. यज्ञेश्वररावांनी विचारलं, "रहमत, अशी चकती घालायला तुला कोणी सांगितलं होतं का?"

रहमतने गज धरले. "सांगतलं होतं. मी नाई म्हनलो. व्हॉल्व्हचं तोंड बंद करनं म्हंजे मानसाचं नरडं बंद करनं, असं बोललो मी त्याहिले."

"कोणाला?"

रहमतने मान फिरवली.

"अरे बोल. तुझी आई बाहेर बसलीय."

"नाव सांगतलं तर तुमी उठून चालले जाल, साहेब," रहमत म्हणाला. "मंग माह्या मायले कोनीच नाई."

४

त्या दिवशी यज्ञेश्वररावांनी रहमतच्या शब्दांचा अर्थ लावायचं टाळलं. आधी परकार, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

अब्दुल गनीचं वर्कशॉप बाजाराच्या मागे होतं. रहमत आधी त्याच्याकडे कामाला होता आणि जास्त पगारावर जिनात गेला, म्हणून गनी त्याच्यावर खार खाऊन होता. यज्ञेश्वररावांना पाहून त्याने स्टूल पुढे केलं.

"मले शक होता तुमी येसान म्हनून. पोरगा गरम डोक्याचा हाय, पन असं हरामी काम तो नाई करनार. त्याच्या बापानं शिकवलं त्याले, मी पन शिकवलं."

"तुमचा परकार दाखवता?"

गनीने खणातून काढला. वर गोल स्प्रिंग, पायांच्या मधून आडवा स्क्रू आणि त्यावर फिरकी. फिरकी फिरवावी तेवढेच पाय सरकतात, दाबाने एक केसभरही नाही. टोकं दोन्ही होती. यज्ञेश्वररावांनी एक गोल मारून पाहिला. तो मिळाला.

इंजिनड्रायव्हर देवीलाल मात्र घरात असून नाही म्हणाला. यज्ञेश्वरराव ओट्यावर बसून राहिले तेव्हा तो बाहेर आला.

"साहेब, मले कायले विचारता? मी इंजिनावर होतो."

"तुझ्याकडे परकार आहे का?"

"नाई." मग नजर चुकवून, "होता. हरपला."

"देवीलाल, एका माणसाचा जीव गेलाय आणि दुसऱ्याचा जायचा आहे."

देवीलाल आत गेला आणि तांदळाच्या पिंपातून परकार काढून घेऊन आला. साधा, जुन्या तऱ्हेचा. दोन पाय एका रिव्हेटने जोडलेले, ना कमान ना स्क्रू. नुसत्या घट्टपणावर पाय थांबतात आणि जोर दिला की फाकतात. त्यांनी पत्र्यावर गोल मारला. रेघ मिळाली नाही. थेट चकतीसारखीच बाहेर पडली.

देवीलाल मटकन खाली बसला. "म्हनूनच लपवला मी! रहमतचा परकार सापडला तसा माहा पन सापडन म्हनून. साहेब, त्या दिवशी व्हॉल्व्ह एकदा बी बोलला नाई. रोज फुसफुस करे, मंग दाब पडे, मंग प्रेस बंद. त्या दिवशी चुपचाप. मी खुश झालो. मले वाटलं, दुरुस्त झाला. मी विचारलंच नाई कोनाले. पूनमसिंग तिथं खाली उभा होता आन मी विचारलं नाई!"

यज्ञेश्वररावांनी भिंगातून परकाराची टोकं पाहिली. दोन्ही शाबूत, आणि पेन्सिलीच्या शिसासारखी जाड. त्यांनी पडणारं भोक चकतीवरच्या भोकाच्या दुप्पट मोठं.

"उठ," ते म्हणाले. "हा नाही."

देवीलाल रडायला लागला. यज्ञेश्वरराव तिथून निघाले. तीन परकार पाहिले, तिन्ही लोखंडावर काम करायचे, म्हणून तिन्ही जाड टोकाचे. चकतीवरचं हत्यार बारीक टोकाचं होतं आणि ढिल्या सांध्याचं. लोखंडावर ते टिकणारच नव्हतं. ते धातूसाठी केलेलंच नव्हतं.

ते कागदासाठी केलेलं होतं.

नकाशे काढणाऱ्याच्या पेटीतला डिव्हायडर. दोन सुया लावलेला, सांध्यावर नुसता फिरणारा, अंतर मोजायचा. अशी इंग्लिश पेटी पुसदमध्ये एकच होती. यज्ञेश्वररावांनी ती स्वतःच लेकीच्या, रजनीच्या लग्नात जावयाला दिली होती.

५

रजनी दुपारी वाती वळत बसली होती. वडील असे अवेळी आलेले पाहून ती उठली.

"बाबा? बरं नाही का तुम्हाला? चेहरा बघा कसा झालाय."

"नंदकिशोरराव?"

"जिनात. दोन दिवस घरी जेवलेपण नाहीत नीट. वरून मालकांची तारेवर तार येऊन राहिली, प्रेस कधी सुरू होतो म्हणून. प्रेस बंद पडला की सगळं यांच्याच माथी."

"माझी ती पेटी कुठे आहे गं? मला एक नकाशा काढायचा आहे."

रजनीने कपाटातून आणली. यज्ञेश्वररावांनी झाकण उघडलं. निळ्या मखमलीत जर्मन सिल्व्हरची हत्यारं आपापल्या खाचेत पडलेली होती. ती त्यांनी तीस वर्षं हाताळली होती. डिव्हायडरच्या खाचेतही डिव्हायडर होता. पण पेटी जरा हलवली तर तो खुळखुळला. खाच लांब, हत्यार आखूड. त्यांनी उचलून पाहिला. वरून निकेलचा मुलामा दिलेला पितळेचा, शाळेच्या पोरांच्या कंपासपेटीतला, कोरा करकरीत.

"बाबा, काय पाहून राहिले एवढं?"

"काही नाही." त्यांनी झाकण लावलं. "राहू दे. उद्या काढीन."

ते रस्त्यावर आले. एका दुकानाच्या सावलीत उभे राहिले. हे फक्त त्यांना कळलं होतं. दुसऱ्या कोणाला तो डिव्हायडर खाचेत खुळखुळतो हे जाणवलं नसतं, जाणवलं तरी समजलं नसतं. गप्प बसलं तर रजनीचं घर राहत होतं. फौजदारांना सांगायचं, मला काही सापडलं नाही. एवढं एकच वाक्य. पेन्शनर म्हातारा, त्याला कोण दोष देणार?

घरी जायचा रस्ता कचेरीवरून होता. निंबाच्या झाडाखाली जोहराबी बसलेली होती. त्यांना पाहताच ती उठून उभी राहिली. ती काही विचारणार नव्हती, नुसती बघणार होती. यज्ञेश्वरराव मान खाली घालून पुढे निघून गेले, आणि तसं गेल्याची लाज त्यांना अंगभर चढली.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदारांच्या खोलीत नंदकिशोरही होता. जिनाच्या बाजूने जबाबावर सही करायला तो आला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. सासऱ्यांना पाहून तो उठला.

"मामा, तुम्ही इथे?"

यज्ञेश्वररावांनी कचेरीतला एक आणि मागून आणलेले दोन असे तिन्ही परकार टेबलावर मांडले. रहमतचा कमानीचा, गनीचा स्प्रिंगचा, देवीलालचा रिव्हेटचा. प्रत्येकाने आखलेला गोलही ठेवला आणि फौजदारांना सगळं समजावून सांगितलं. त्यांचा आवाज एकदाही हलला नाही. नंदकिशोर हळूहळू खुर्चीत बसला.

"मग चौथा कोणाचा?" फौजदारांनी विचारलं.

यज्ञेश्वररावांनी जावयाकडे पाहिलं. "तो माझा होता. मी यांना दिला होता."

फौजदारांनी लेखणी खाली ठेवली.

"मामा, काय बोलता तुम्ही?" नंदकिशोर म्हणाला. "माझी पेटी घरी आहे. डिव्हायडर जागेवर आहे. माणूस पाठवा, बघा."

"जागेवर आहे तो पितळेचा आहे. माझा जर्मन सिल्व्हरचा होता. तुम्ही तो बदललात."

"हरवला होता म्हणून नवा घेतला! तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. हा पुरावा झाला का? फौजदारसाहेब, यांचं वय झालं."

यज्ञेश्वररावांनी चकती पुन्हा हातात घेतली. फौजदार अडखळले. हरवलेल्या डिव्हायडरचं टोक मोडलं होतं की नाही, हे आता कोण सांगणार?

तेवढ्यात दारातला शिपाई बाजूला झाला. रजनी आत आली. तिने पदराच्या गाठीतून एक वस्तू काढली आणि वडिलांच्या हातात दिली.

"हा हरवला नव्हता, बाबा. यांनी मला दिला होता, विहिरीत टाक म्हणून. टोक मोडलंय, बाबांना दिसलं तर वाईट वाटेल, असं म्हणाले." ती नवऱ्याकडे बघत नव्हती. "मी टाकला नाही. तुमची वस्तू होती. काल तुम्ही पेटी उघडली आणि न बोलता गेले, तेव्हापासून मी विचारच करून राहिले. सकाळी तुमच्या घरी गेले, तर तुम्ही कचेरीत आल्याचं कळलं. बाबा, हा कशानं मोडला?"

यज्ञेश्वररावांनी भिंग पुढे सारलं. ते फौजदारांनी धरलं. एका सुईचं टोक आडवं तुटलेलं होतं आणि सुईवर तांब्याचा तांबूस ओरखडा होता.

नंदकिशोरने दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

"गाठी वेळेवर गेल्या पाहिजेत, एवढंच वर सांगत होते," तो हातांच्या आडून बोलला. "व्हॉल्व्ह घडीघडी उघडायचा. रहमत ऐकेना. बाजाराच्या सुट्टीला बॉयलर थंड होता. मीच पत्रा कापला. पूनमसिंगने पाना धरला, त्याला मी सांगितलं, काही होत नाही. मला वाटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे. मला खरंच वाटलं, मामा." मग अगदी हळू, "तो मेला आणि मी घाबरलो. रहमतच्या पेटीतून परकार काढला आणि बॉयलरच्या पायाशी टाकला. रजनी, मी घाबरलो होतो गं."

रजनीने भिंतीला हात टेकला.

७

संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली. रहमतला सोडलं तेव्हा कचेरीसमोर गर्दी जमली होती. गनी मिस्त्री त्याला मिठी मारून रडला. मानीबाईही आली होती. ती जोहराबीसमोर बराच वेळ उभी राहिली. शेवटी तिने जोहराबीच्या खांद्यावर पडलेला पदर नीट केला आणि आपल्या तांड्याच्या वाटेला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यवतमाळच्या गाडीत नंदकिशोरला बसवलं. बरोबर दोन शिपाई होते. त्याने खिडकीतून स्टँडवर नजर फिरवली. रजनी दूर, पाणपोईच्या आडोशाला उभी होती. ती पुढे गेली नाही आणि परतही फिरली नाही. गाडी सुटली तरी तिथेच राहिली.

यज्ञेश्वरराव स्टँडच्या दुसऱ्या टोकाला होते. लेकीजवळ जायला त्यांचे पाय उचलत नव्हते. आपणच तिचं घर मोडलं, आता तिला काय तोंड दाखवायचं? तेवढ्यात फुलसावंगीच्या गाडीसाठी आलेली जोहराबी त्यांच्यासमोर थांबली. रहमत मागे उभा होता. त्याने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. यज्ञेश्वररावांना ते सहन झालं नाही, ते मागे सरले.

"जोहराबी, परवा मी तुमच्यासमोरून निघून गेलो होतो," ते म्हणाले. "मी गप्प बसणार होतो."

जोहराबीने त्यांच्याकडे पाहिलं, मग पाणपोईकडे.

"माह्याकडं काय पाहता, भाऊसाहेब? माहा सुटला," ती म्हणाली. "तुमची लेक तिथं एकटी उभी हाय. जा तिच्यापाशी."